२४ फुटी केबिन बोटीत स्वस्तातला एसी: कोणी बसवलाय का?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी एक जुनी फायबरची बोट घेतली. २४ फूट, पुढे छोटी केबिन, मागे ६० एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड. दाभोळ खाडीत धोपाव्याच्या अंगाला नांगरलेली असते. शनिवार-रविवार पुण्याहून जातो आणि रात्री बोटीवरच झोपायचा बेत असतो. बेतच म्हणायचा, कारण मार्च लागला की केबिनचं इडलीपात्र होतं. गेल्या एप्रिलमध्ये अण्णा (वय ७४) हौसेने आले, आणि रात्री दीडला उशी काखोटीला मारून उघड्यावर जाऊन बसले. तिथे डासांनी फोडून काढलं.

केबिन आतून ९ फूट लांब, साडेसहा रुंद, उंची साडेपाच. छपरात एक झडप, दोन्ही बाजूंना दोन-दोन काचा. एका सामानवाल्याने समुद्राचं पाणी ओढून गार होणाऱ्या मरीन एसीचं कोटेशन दिलंय, बसवून साडेचार लाख. एवढ्यात दुसरी होडी येईल! माझं बजेट एक लाख, फार तर सव्वा. साधा विंडो एसी चालेल का? त्याला वीज कुठून आणायची? छोटा पेट्रोल जनरेटर मागे ठेवावा असं मनात आहे.

नाना_टॅम्पा

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. जनरेटर मनातून काढून टाका. फ्लोरिडात बोटींवर नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी दमट गरमी आम्हीही भोगतो, आणि इथे दर मोसमात कोणी ना कोणी हाच शहाणपणा करायला जातो. पेट्रोल जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. मागे ठेवलेल्या जनरेटरचा धूर वारा पडला की उलटा केबिनमध्ये शिरतो, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. एसी घ्या नाहीतर नका घेऊ, पण केबिनमध्ये मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा. शेजारच्या बोटीचा धूरही येऊ शकतो.

आता एसी. इथल्या मरीन एसीवाल्यांचा ठोकताळा असा: डेकखालच्या केबिनला दर चौरस फुटाला ६० बीटीयू (एसीची ताकद मोजायचं माप), अर्धवट वर असलेल्या केबिनला ९०, पूर्ण वर आणि काचा असलेल्या केबिनला १२०. तुमचे साडेअठ्ठावन्न चौरस फूट, म्हणजे ५,३०० ते ७,००० बीटीयू. १२,००० चा एक टन, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास भागतं.

पाण्यावरच्या मरीन युनिटला नावं ठेवू नका मात्र. आवाज कमी, गरम हवा बाहेर टाकायची कटकट नाही. माझ्याकडे तेच आहे.

तांडेलाचा_नातू

नाना, तुमच्या मरीनात (बोटी लावायच्या धक्क्यात) बारा महिने पाणी असतं. आमच्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते! त्या मशीनला होडीच्या बुडाला भोक पाडून पाणी ओढायचं असतं ना? उधाणाच्या ओहोटीला ते गाळ ओढेल. जाळी साफ करायला रात्री दोनला कोण उतरणार? आणि आमच्या खाडीत बुडाला कालवं धरतात, दोन महिन्यांत भोक बंद.

भरतीओहोटी, तुझी होडी बसते का तिथे?

भरतीओहोटी

अमावास्या-पौर्णिमेला बसते. म्हणजे ते साडेचार लाख वाचले.

सुलभाताई

एक भाबडा प्रश्न. वाळ्याचा कूलर का नको? आमच्या नाशिकला मे महिन्यात मस्त चालतो.

वायरमन_चिपळूण

ताई, नाशिकची हवा कोरडी, म्हणून पाणी उडतं आणि गारवा येतो. आमच्याकडे हवेलाच इतकं पाणी सुटलेलं असतं की कूलरचं पाणी उडायचं कुठे? उलट केबिनमध्ये आणखी दमट. कोकणात कूलर म्हणजे पंख्याला आंघोळ.

मूळ प्रश्नाकडे. दादा, एसी स्वस्त आहे, वीज महाग आहे. हिशोब रात्रीच्या युनिटांपासून सुरू करा.

आपल्या बाजारात अर्ध्या टनाचा विंडो क्वचितच दिसतो, पाऊण टनाचा मिळतो, वीस-पंचवीस हजारांत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) मिळाला तर तोच घ्या. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट करंट खेचतो आणि छोटा बॅटरी इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणारा) तिथेच ट्रिप होतो. दुसरं, एवढ्याशा केबिनमध्ये साधा पाऊण टन पटकन गार करून बंद पडेल, हवेतलं पाणी तसंच राहील आणि तुम्ही गार पण चिकट झोपाल. इन्व्हर्टरवाला हळू हळू चालत राहतो.

एकदा केबिन गार झाली की सरासरी ४०० ते ४५० वॉट धरा, बॅटरी इन्व्हर्टरची घट मिळवून ५०० वॉट. आठ तासांना चार युनिट. घरच्या १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीमध्ये १.८ युनिट असतात आणि वापरायचे निम्मेच. म्हणजे चार-पाच बॅटऱ्या, प्रत्येकी पन्नास-साठ किलो. वर अ‍ॅसिड, आणि चार्जिंगला हायड्रोजन. बोटीत नकोच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या: २४ व्होल्ट १०० एएचच्या एका पेटीत अडीच युनिट, वजन पंचवीस किलोच्या आत-बाहेर, एका माणसाला उचलते. अशी एक आज घ्या, दुसरी पुढच्या वर्षी.

चार्जिंगला ५५० वॉटचं एक सोलर पॅनेल. साडेसात फूट बाय पावणेचार. बोट सोमवार ते शुक्रवार रिकामी उभी असते ना? पॅनेल रोज दोन युनिट तरी देईल. शुक्रवारपर्यंत पेटी भरलेली मिळेल, शनिवारच्या उन्हात पुन्हा बरीचशी भरेल. आणि पॅनेल केबिनच्या छपरावर चार-सहा इंच उंच पाइपांवर बसवा, म्हणजे छपराला सावलीही फुकटात.

सुलभाताई

म्हणजे ऊन अडवायचं आणि तेच ऊन वापरून गार करायचं. पटलं :)

ट्रकवाले_देशमुख

आमच्या धंद्यातला एक पर्याय सांगतो. ट्रकला पार्किंग एसी येतात, थेट २४ व्होल्ट बॅटरीवर, इंजिन बंद ठेवून. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, त्यामुळे आता जिकडेतिकडे या वस्तूची चौकशी होते. एकच ठोकळा, छपराच्या झडपेत बसतो. बॅटरी इन्व्हर्टरचा खर्च वाचेल.

वायरमन_चिपळूण

चांगला पर्याय, पण दोन शंका. वजन छपरावर जातं, २४ फुटी होडीत ते जाणवतं. आणि ट्रकच्या मशीनला खारट हवेची सवय नाही.

तांडेलाचा_नातू

आणि झडप बुजली तर आत आग लागल्यावर बाहेर पडायचं कुठून? पुढची झडप मोकळीच पाहिजे.

ट्रकवाले_देशमुख

हा मुद्दा बरोबर. आमच्या केबिनला दोन दारं असतात.

नाना_टॅम्पा

मग विंडो एसी बसवायची सगळ्यात साधी रीत ऐका. इथे धक्क्याला उभ्या कित्येक जुन्या बोटींवर बघितली आहे. फायबरला हातही लावायचा नाही. केबिनच्या मागच्या दाराच्या मापाची १८ मिमी मरीन प्लायची फळी कापायची. फळीत एसीच्या मापाचं चौकोनी भोक, कडेने रबराची पट्टी. एसीचा गार तोंडाचा भाग आत, ढुंगण बाहेर. त्याचं वजन फळीवर टाकायचं नाही, बाहेर डेकवर लाकडी पेटीवर ठेवायचं आणि पट्ट्याने बांधायचं. सकाळी फळी काढली की दार मोकळं. एसी पाठीमागे किंचित कलता ठेवा, नाहीतर पाणी अंथरुणात. आणि पुढची झडप बोटभर उघडी ठेवा. बंद पेटीत दोन माणसं रात्रभर श्वास घेणार आहेत.

ते फिरते, नळकांडीवाले पोर्टेबल एसी घेऊ नका. एक नळी असलेला आतलीच हवा बाहेर फेकतो, तेवढी गरम हवा फटींतून आत येते.

तांडेलाचा_नातू

आजोबांच्या वेळी मासळीच्या बर्फाच्या खणावर गोणपाट टाकून झोपायचे. त्यांना कुठला एसी!

वायरमन_चिपळूण

गंमत सांगू? एसीचा टन तिथलाच आहे. एक टन बर्फ (अमेरिकी टन, ९०७ किलो) चोवीस तासांत वितळताना जेवढा गारवा देतो तो एक टन. अर्धा टन आठ तास चालवायचा तर दीडशे किलो बर्फ. म्हणजे थर्माकोलच्या पेटीत चार किलो बर्फ आणि पुढे पंखा असे व्हिडिओ येतात, त्यांच्याकडे बघून हसायचं फक्त.

सुलभाताई

पण भरतीओहोटी, आधी एसीशिवाय किती उतरतं ते तरी बघा. छपराला पांढरा रंग, आतून फोम, काचांना बाहेरून पडदे. माझ्या गच्चीवरच्या खोलीत नुसत्या पांढऱ्या रंगाने पायाला चटका बसायचा थांबला.

भरतीओहोटी

ताई, ऐकलं तुमचं. छपराला पांढरा रंग मारला (आधी निळा होता, कोणी लावला देव जाणे), आतून नायट्राइल फोमचा शीट चिकटवला, काचांना बाहेरून शेडनेट. खर्च अकरा हजार. दुपारी छपराला आतून हात लावता येतो आता. रात्री मात्र फार फरक नाही, घाम तसाच.

तर एसी घेतोय.

भरतीओहोटी (सात आठवड्यांनी)

अहवाल द्यायचा राहिला होता. पाऊण टन इन्व्हर्टर विंडो, एक लिथियम पेटी, २ केव्हीए इन्व्हर्टर, पॅनेल आणि एमपीपीटी (पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर). सगळं मिळून १ लाख १२ हजार, प्लाय आणि सुतार धरून. एकच बॅटरी घेतली म्हणून बजेटमध्ये बसलं. रंग-फोमचे अकरा हजार वेगळे.

पहिली रात्र: साडेनऊला केबिनमध्ये ३३ अंश. पाऊण तासात २७, नंतर २६ ला थांबवलं. इन्व्हर्टरवरचा आकडा सुरुवातीला ७८० वॉट दाखवत होता, अकरानंतर ३६० ते ४२० मध्ये खेळत राहिला. २ वाजून ४० मिनिटांनी बॅटरीने राम म्हटला. झडप पूर्ण उघडली, तर मतलई वारा सुटलेला. पहाटेपर्यंत बाराव्होल्टी पंख्यावर निभावलं. त्यामुळे दुसरी पेटी सध्या घेत नाहीये.

अण्णांची तक्रार आहे, पण गरमीची नाही. एसी लाकडी पेटीवर ठेवला तर ती पेटी ढोलकीसारखी वाजते. खाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं तेव्हा कुठे ते झोपले.

एक चूक झाली. एसीमागून गळणारं पाणी डेकवरून बाहेर जाईल असं धरलं होतं, पण बोट रात्री भरतीला फिरली, कल बदलला आणि पाणी दोरांच्या खणात गेलं. आता नळी लावून थेट बाहेर सोडलंय. रात्रीत बादलीभर पाणी निघतं, खोटं नाही.

नाना_टॅम्पा

अलार्म लावलात?

भरतीओहोटी

लावला नाना. एसीच्याही आधी. इन्व्हर्टर आणि बॅटरीही पेट्रोलच्या टाकीपासून दूर, केबिनमधल्या बाकाखाली.

वायरमन_चिपळूण

बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पेटीच्या अगदी जवळ फ्यूज आहे ना? आणि इन्व्हर्टरच्या पुढे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच)? आणि धंद्याला लावणार असाल बोट, तर हे फेरबदल बोटी तपासणाऱ्या सर्वेयरला दाखवून घ्या.

भरतीओहोटी

फ्यूज आहे. आरसीसीबी या शनिवारी. धंदा नाही हो, घरचीच आहे.

तांडेलाचा_नातू

पाठीमागची जाळी दर आठवड्याला गोड्या पाण्याने धू रे. बॅटरी बंद करून. खारं बसलं की दोन पावसाळ्यांत पत्रा हातात येईल. आणि जूनच्या आधी एसी उतरवून घरी ने, होडीवर ठेवू नको.

भरतीओहोटी

धुतोय. पण फळीचे स्क्रू आत्ताच तांबूस दिसायला लागलेत. दुकानदाराने स्टेनलेस म्हणून दिले होते.

तांडेलाचा_नातू

ते ३०४ ग्रेडचे असतील, किंवा तेही नसतील. ३१६ माग, ते खाऱ्या हवेत टिकतात.

भरतीओहोटी

चिपळुणात ३१६ मिळतात का, की मुंबईहून मागवू?

वायरमन_चिपळूण

किती पाहिजेत? माझ्याकडे दोन इंचीचं अर्धं पाकीट पडलंय.