मदत हवी आहे: लेकीच्या हातावर ससाणा

आम्ही इंग्लंडमध्ये, हॅम्पशायरला असतो. सुट्टीत नऊ वर्षांच्या लेकीला इथल्या पक्षी उद्यानात मुलांच्या ससाणा-प्रशिक्षणाच्या दिवसाला न्यायचंय. डाव्या हातात चामडी हातमोजा घालायचा, त्यावर हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी येऊन बसतो. पक्ष्याची भीती नाही हो! पण आमिष म्हणून बहुधा कोंबडीची मेलेली, एक दिवसाची पिल्लं असतात. आम्ही पक्के शाकाहारी. तिला आधीच सांगावं की तिथेच बघू द्यावं? शिवाय मादी किलोभर भरते, एवढंसं मनगट किती वेळ टिकणार? भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हे दिसत नाही, म्हणून आजोबाही यायचं म्हणतायत. त्यांना नुसतं बघता येतं का? कुणी जाऊन आलंय?