पौलानं बायकांना गप्प बसवलं म्हणता, मग फिबी कोण होती?

सावेडीची लेक: काल इथे एकांनी लिहिलं, "१ करिंथ १४ वाचा. बायकांनी मंडळीत गप्प राहावं. विषय संपला." रात्रभर डोक्यातून जाईना. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्रात ११:५ मध्ये प्रेषित पौल सांगतो, बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. तोंडच उघडायचं नसेल तर हे सांगायची गरज काय? त्याचंच रोमकरांस पत्र, अध्याय १६ काढा. फिबी करिंथजवळच्या किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनस', म्हणजे सेवक. हाच शब्द पौल स्वतःला आणि अपुल्लोस या प्रचारकाला लावतो. त्यांच्या बाबतीत तो अधिकार, आणि फिबीच्या बाबतीत झाडलोट?

जुना पंच: काल लिहिणारा मीच. सोयीचं तेवढं वाचू नका. १ तीमथ्य २:१२ स्पष्ट आहे: बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. बारा प्रेषितांत एक तरी बाई दाखवा.

सावेडीची लेक: बारांत एकही परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेला, नव्हता. मग आपल्यातला कुणीच पाळक चालायला नको! तीमथ्याचं पत्र पौलाच्या हातचं नाही असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि रोमकरांस १६:७ मधली युनिया? चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तोम तिला बाई म्हणूनच प्रेषितांत गणतो. पुढे लोकांनी तिचा पुरुष केला.

वसईकर: दोघंही 'मंडळी' म्हणजे आजचं चर्च धरून चाललात. तेव्हा उपासना घरात व्हायची, आणि घर बाईच्या हातात. सन ११२ च्या सुमारास रोमी सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो की ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला त्यानं दोन दासींचा छळ केला. त्यांना तो 'मिनिस्त्राय' म्हणतो, म्हणजे सेविका. पद होतं, आणि मारही त्यांनीच खाल्ला.

जुना पंच: दासींचं ठीक. पण ११:५ तुम्हीच काढलंत, तर डोकं झाकण्याचं काय झालं? आज मुली ओढणीसुद्धा घेत नाहीत. प्रभुभोजनाला मोकळे केस!

नगरचा भाचा: काका, पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं हेही तिथेच आहे. थंडीत कानटोपी घालून बसणाऱ्यांना कुणी उठवलंय?

जुना पंच: वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत नव्हे.

सावेडीची लेक: पदराचंच बोलू या. माझ्या आईचा पदर तीस वर्षांत उपासनेत एकदाही ढळला नाही. कानामागे पिन लावायची. बुधवारची प्रार्थना आमच्या ओट्यावर, तीच चालवायची. आजारी माणसाकडे पाळकाआधी ती पोचायची. नाताळात वाचन करू का म्हणून तिनं विचारलं, तर मंडळीचे पंच म्हणाले, "बाई, प्रथा नाही." ती काळ्या कव्हरचं शास्त्र मिटून बायकांच्या बाजूला जाऊन बसली. बोट मात्र त्याच पानात होतं.

वसईकर: आमच्याकडे कॅथलिकांत वाचकपद बायकांना रीतसर मिळालं ते २०२१ मध्ये. वाचत तर त्या कधीच्या होत्या.

जुना पंच: फिबीचं मान्य करतो. गप्प राहण्याचं ते वचन, १४:३४-३५, काही हस्तलिखितांत चाळिसाव्या वचनानंतर येतं, हेही ठाऊक आहे. पण एकाही हस्तलिखितात ते गाळलेलं नाही, हे तुम्हीही मान्य करा.

सावेडीची लेक: केलं. आता ११:५ सुद्धा कुणी गाळलेलं नाही, हे तुम्ही करा.

जुना पंच: तुमच्या आईंना वाचू द्यायला हवं होतं. एवढंच म्हणतो. बाकी तीमथ्यावर उद्या बोलू.