गाडी खाली केल्यावर कटनी कशी काय लावते?

भाऊ, तुम्ही लिहिलं का वाशीमहून सोयाबीनची गाडी पाठवली, प्लांटवाल्यानं माल उतरवून घेतला अन् मंग आठवड्याभरानं मॉइश्चर (ओल) जास्त सांगून पैसे कापून टाकले, म्हणजे कटनी लावली. वरती कमेंटमध्ये दोघातिघांनी सोडून द्या म्हटलं, मले ते अजिबात पटत नाही. पयले सौदा चिठ्ठी (सौद्याचा लेखी कागद) काढा, दलालासोबतचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बी जपून ठेवा, भाव तुमच्या गोडाउनवरचा होता का पोच (त्याच्या प्लांटवर माल पोचवून द्यायचा) ते पहा. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ३९ असं म्हणते का ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात माल दिला म्हणजे सहसा खरेदीदारालेच दिला, पण पोच सौदा असन तर रस्त्यातली जोखीम तुमच्याकडं येऊ शकते.

माल तपासून घ्यायचा हक्क प्लांटवाल्याले हायेच, कलम ४१. पण तपासाचा मोका भेटूनही माल खाली करून दुसऱ्या ढिगात मिसळला, का त्याचं तेल गाळून टाकलं, तं त्यानं तो स्वीकारला असंच धरतात (कलम ४२). मंग परत करता येत नाही. नुकसानभरपाई मागू शकते, पण ओल किती होती हे त्यानंच दाखवाव लागन, अन् सॅम्पल कुठी हाय आता? म्हणून गाडी भरताना दोन थैल्यांत नमुना काढून ड्रायव्हरच्या सहीनं सील करत जा, काटा पावती (वजनाची) बिल्टीलेच, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीलेच, टाचा.

वजनात घट ट्रान्सपोर्टवाल्याकडून असन तं बुकिंगपासून १८० दिवसांत त्याले लेखी नोटीस द्या, नाही तं दावाच चालत नाही.