उत्तर: [मंडळ] थर्ड बॉम्बे युरोपियन की लेन्स्टर? शुक्रवारी क्यू की ब्रिटिश लायब्ररी?

प्रेषक: मेघना, ॲथलोन

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी लंडनला एकच दिवस मिळतोय. क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जायचं की ब्रिटिश लायब्ररीत, हे आज रात्रीपर्यंत ठरवायचंय. कागद आधी मागवून ठेवावे लागतात, म्हणून घाई.

नवऱ्याचे खापरपणजोबा. कॅथलिक, जन्म १८३३ ते ३५च्या सुमाराचा, गाव पार्सन्सटाउन. त्यांचं १८५७-५८चं म्युटिनी मेडल घरात आहे, त्यावर 'सेंट्रल इंडिया'ची पट्टी आहे. कडेवर नाव आणि 'थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' एवढंच कोरलंय, शिपाई क्रमांक नाही. घरात मात्र 'लेन्स्टर रेजिमेंटमध्ये होते, झाशीला लढले' असंच सांगत आलेत. डब्ल्यूओ ९७मध्ये (वॉर ऑफिसकडचे शिपायांचे सेवा-कागद) नाव टाकलं तर त्या नावाचे चौदा जण निघाले, लेन्स्टरचा एकही नाही. शरदकाकांनी मागे इथे टाकलेली पलटणींची यादी शोधली, सापडली नाही.

मेघना

---

प्रेषक: शरद, डब्लिन

मेघना, तुझं मेडल खरं बोलतंय आणि घरातली गोष्टही खोटी नाही. मध्ये दोनदा नाव बदललंय, इतकंच.

थर्ड बॉम्बे युरोपियन ही ईस्ट इंडिया कंपनीची पलटण, १८५३ साली उभी राहिलेली. कंपनीचं राज्य गेल्यावर तिच्या गोऱ्या पलटणी राणीच्या सैन्यात घेतल्या आणि हिला १०९ नंबर मिळाला. १८८१च्या फेररचनेत १०० आणि १०९ एकत्र करून लेन्स्टर रेजिमेंट केली, डेपो बर गावी, म्हणजे तुमच्या पार्सन्सटाउनलाच. १०० ही पहिली बटालियन झाली, तुझी १०९ दुसरी. त्यामुळे १८८१च्या आधीचा माणूस 'लेन्स्टर' या नावाखाली कुठेच सापडणार नाही. १०० नंबरची तर १८५८ साली कॅनडात उभी राहत होती, तिचा झाशीशी संबंधच नाही. तिचे कागद उघडत बसू नकोस.

पुढे प्रश्न एकच, १८५९ ते ६२ या काळात त्यांनी काय केलं? कंपनीच्या शिपायांना न विचारता राणीच्या चाकरीत वर्ग केलं म्हणून मोठा असंतोष झाला आणि सुमारे दहा हजार जण नाव कापून घेऊन परतले. त्यांच्यात असतील तर डब्ल्यूओ ९७मध्ये कागद नसणारच. राहिले असतील आणि पुढे पेन्शन घेतलं असेल तर १०९ खाली मिळतील. सेवेत असतानाच वारले असतील तर पुन्हा नाहीत, कारण १८८३पर्यंत त्या मालिकेत मुख्यतः पेन्शन घेतलेल्यांचेच कागद आहेत. 'नाव सापडलं नाही' याचा अर्थ या तिघांपैकी काहीही असू शकतो.

कंपनीचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, म्हणून तीनपैकी दोन वाटा तिकडे जातात. तिकडेच जा.

शरद

---

प्रेषक: अनघा, कॉर्क

शरदराव, एवढ्यात क्यू बाद करू नका. १०९चे मस्टर, म्हणजे हजेरीपट, डब्ल्यूओ १२मध्ये आहेत आणि ते अजून बहुतेक कागदावरच आहेत, घरबसल्या दिसत नाहीत. मस्टर दर तिमाहीला भरत. पलटणीतून गेलेल्यांचा तक्ता शेवटी असतो, तिथे सुटलेल्या किंवा मेलेल्या माणसाचं जन्मगाव, धंदा आणि भरतीची तारीख मिळते. एका नावाचे चौदा जण असताना वेगळं करायला याहून चांगला कागद नाही.

मेघना, डब्ल्यूओ ९७साठी मात्र क्यूला जाऊ नकोस. ते सगळं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहे. फक्त नावाने शोधलंस म्हणून चौदा निघाले. १८५५ ते ७२चा भाग मुळात पलटणीप्रमाणे लावलेला आहे, म्हणून पलटणीच्या रकान्यात १०९ टाकून बघ.

आणि डब्लिनच्या किल्मेनहॅम हॉस्पिटलच्या पेन्शनरांची नोंदपुस्तकं, डब्ल्यूओ ११८ आणि ११९, राहिलीच. आयरिश शिपायासाठी तीही बघायला हवीत.

अनघा

---

प्रेषक: शरद, डब्लिन

अनघाताई, मस्टरचं मान्य. पण मस्टर उघडायला आधी तो माणूस १८६२ नंतर १०९मध्ये होता हे ठाऊक हवं, नाहीतर अख्खा दिवस पानं उलटण्यात जाईल.

किल्मेनहॅमला माझा ठाम विरोध. बाहेर राहणाऱ्या आयरिश पेन्शनरांचा कारभार १८२२ सालीच लंडनच्या चेल्सी हॉस्पिटलकडे गेला. १८६०-७०च्या माणसासाठी तिथे वेळ घालवणं म्हणजे पेशवाईनंतरची नोंद पेशवे दप्तरात शोधणं. त्याऐवजी डब्ल्यूओ २२ बघा, जिल्हावार पेन्शन वाटपाची विवरणं. त्यांत आयर्लंडचे जिल्हे आहेत, बरही आहे. कंपनीच्या पेन्शनरांचे पैसेही त्याच कार्यालयांतून वाटले जात, म्हणून ते चेल्सीचे नसले तरी तिथे दिसू शकतात.

शरद

---

प्रेषक: सुहास, ग्रंथालय गट

मंडळी, पूर्वज शोधाचे प्रश्न आधी ग्रंथालय गटाकडे यावेत असं वार्षिक सभेत ठरलं होतं. शरदकाकांची यादी आमच्या सामायिक फोल्डरमध्येच आहे, दुवा पुन्हा पाठवतो. 'सैन्य' फोल्डरमध्ये बघा, 'वंशावळ'मध्ये नाही.

यादीतली एक चूक सुधारली आहे: सेकंड बॉम्बे युरोपियन पुढे १०६ झाली आणि १८८१ साली डरहॅम लाइट इन्फंट्रीत गेली, म्हणजे इंग्लिश पलटणीत. यादीत ती आयरिशमध्ये होती. फर्स्ट बॉम्बे १०३ होऊन डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली, ते बरोबर होतं.

सुहास

---

प्रेषक: वैशाली, लिमरिक

मेघना, गावाबद्दल. पार्सन्सटाउन म्हणजे आजचं बर. किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली. क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. कागदात जुनी नावं असतात आणि आजच्या नकाशावर ती दिसत नाहीत.

दुसरी अडचण मोठी आहे. भरतीच्या कागदावर 'अमुक पॅरिश, अमुक गावाजवळ' असं लिहितात. ती बहुधा सरकारी पॅरिश असते आणि कॅथलिक पॅरिशची हद्द वेगळी असते. सरकारी नाव घेऊन बाप्तिस्म्याची वही शोधली तर भलत्याच वहीत जाशील. आधी टाउनलँड (गावाखालचा जमिनीचा लहान विभाग) काढ, मग ती कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये येते ते बघ, मग नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर त्या पॅरिशची वही उघड. १८८०पर्यंतच्या वह्या तिथे फुकट दिसतात. त्यांत नावं अनेकदा लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. आयर्लंडची सर्वांसाठीची सरकारी जन्मनोंद १८६४पासूनची, म्हणून १८३४च्या जन्माचा दाखला मागवू नकोस, पैसे वाया जातील.

वयावरही फार विसंबू नकोस. भरतीच्या वेळी मुलं वय वाढवून सांगत. दोनतीन वर्षं मागेपुढे धरून बघ.

वैशाली

---

प्रेषक: माधव, गॉलवे

वैशालीताईंचं वाचलं. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, तिथल्या सरकारी दप्तरखान्यात, जनगणनेचे कागद जळाले, म्हणून 'आयरिश शिपायाचं काही मिळत नाही' असं लोक धरून बसतात. सैन्याचे कागद लंडनला होते, ते शाबूत आहेत.

झाशीबद्दल. 'सेंट्रल इंडिया'ची पट्टी त्या सगळ्या मोहिमेसाठी होती, त्यामुळे पट्टी आहे म्हणून तो माणूस झाशीच्या तटावर होताच असं नाही. ३ एप्रिल १८५८च्या चढाईत थर्ड युरोपियनचे लोक उजव्या बाजूने शिड्या लावून चढले, डावीकडे ८६ नंबरची काउंटी डाउन पलटण होती. त्या दिवशी हा शिपाई पलटणीत होता, आजारी होता की मागे छावणीत होता, हे मस्टरवरूनच ताडावं लागेल. मेघना दिवाळी अंकासाठी लिहिणार असेल तर एक विनंती. चढाईनंतर शहरात जी कत्तल झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी आत राहून पाहिली आणि मराठीत लिहून ठेवली. त्या शहरातल्या माणसांना लेखात जागा द्या. नुसतं मेडलचं कौतुक नको.

माधव

---

प्रेषक: शरद, डब्लिन

माधवशी सहमत.

मेघना, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद एशियन अँड आफ्रिकन स्टडीज वाचनकक्षात मिळतात. हा क्रम ठेव:

पहिलं, एल/एमआयएल/१२, मुंबई सैन्याचे मस्टर. १८५९, ६० आणि ६१ची तीन वर्षं माग, त्याहून जास्त नको. तिन्ही वर्षांत नाव असेल तर माणूस १०९मध्ये गेला असं समजून पुढे क्यू. मधेच गायब झाला तर शेऱ्यात सुटका की मृत्यू ते बघ. जहाजाचं नाव आणि साल मिळालं तर लगेच टिपून घे.

दुसरं, एल/एमआयएल/९मधली त्या जहाजाची यादी. या याद्या जहाजवार आहेत, म्हणून जहाज कळल्याशिवाय मागवू नकोस. इथे वय, धंदा आणि कुठे भरती झाली ते मिळतं, चौदातला तुझा कोणता ते इथेच ठरेल.

तिसरं, एन/३, मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. बराचसा भाग फाइंडमायपास्टवर आहे, तेव्हा तो घरूनच कर. पण कॅथलिक पाद्र्यांच्या सगळ्या नोंदी यात आलेल्या नाहीत. लग्न इथे नाही म्हणजे झालं नाही असं समजू नकोस.

कॅटलॉगमध्ये ही क्रमांक-अक्षरं इंग्रजीतच टाइप कर, तिरप्या रेघांसकट. २०२३च्या सायबर हल्ल्यात तिथली व्यवस्था कोलमडली होती, म्हणून मस्टरची तीन बांधीव पुस्तकं खरोखर मिळणार आहेत ना, हे ईमेलने पक्कं करून मगच तिकीट काढ. ओळख आणि पत्ता यांचे वेगवेगळे पुरावे ने. पेन चालत नाही, पेन्सिल ने.

शरद

---

प्रेषक: मेघना, ॲथलोन

शरदकाका, अनघाताई, सगळ्यांचे आभार. ब्रिटिश लायब्ररी ठरवलं, तीन वर्षांचे मस्टर मागवायला ईमेल केला. १०९ टाकून डब्ल्यूओ ९७ पुन्हा बघितलं: चौदाचे दोन राहिले. एकाचं गाव पार्सन्सटाउन, धंदा मजूर, पण वय चार वर्षांनी कमी पडतंय. दुसऱ्याचं गाव रॉसक्रे, वय जुळतंय. वैशालीताई, बरच्या कॅथलिक पॅरिशची हद्द रॉसक्रेकडे कुठपर्यंत जाते?

मेघना