मॅरम गवत वाळूत गाडलं तरी मरत नाही

वाळूत गाडलं गेलं की गवत मरतं, असं सहसा समजलं जातं. मॅरमचं उलटं आहे. युरोपच्या किनाऱ्यावरचं हे बहुवर्षायू गवत अंगावर वाळू पडत राहिली तरच जोमानं वाढतं; वाळू यायची थांबली की मरगळतं. पान बघण्यासारखं असतं. कोरड्या हवेत ते सुरळीसारखं आत वळतं, पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं, ज्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते) आत झाकली जातात आणि पाणी टिकतं.

स्कॉटलंडात लोक छपरं शाकारायला ते उपटायचे, त्यामुळे त्यानं धरून ठेवलेली वाळू मोकळी सुटायची. १६९४ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या कल्बिन जहागिरीची शेतं वाळूखाली गेली आणि १६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं ते उपटण्यावर बंदीच घातली. आपल्या कोकणात वाळू धरून ठेवायचं काम मर्यादवेल करते.