झडीच्या दिवसांत लहान मुलांना घरात कशात रमवावे?

प्रश्न : धानपट्ट्यातील आई (भंडारा जिल्हा)
रोवणीचे दिवस सुरू आहेत आणि झड लागली की उघडीप मिळत नाही. आम्ही दोघेही बांधीत (धानाच्या शेतात) असतो. चार वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा सासूबाईंजवळ असतात. अंगणात चिखल आणि ओसरीवर सरपण व खताची पोती असल्यामुळे खेळायला एकच खोली उरते. वीज असेपर्यंत मुले मोबाईल सोडत नाहीत, ती गेली की भांडतात. घरात आहे त्यातूनच होईल आणि सासूबाईंना सारखे उठावे लागणार नाही, असे काही सुचवावे.

निवृत्त शिक्षिका (चंद्रपूर जिल्हा)
ताई, सासूबाईंना अष्टाचंग हा सोंगट्यांचा खेळ बहुधा येतच असेल, तेव्हा सुरुवात तिथून करावी. खडूने जमिनीवर पाच बाय पाच घरांचा पट आखावा. फासे मात्र मुलांनाच करू द्यावेत : चिंचोका पायरीच्या दगडावर पाणी टाकून घासला की काळी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसू लागतो, आणि चार चिंचोक्यांची एकेक बाजू अशी पांढरी करण्यात मुलांचा बराच वेळ सुखाने जातो. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे. चारही पांढऱ्या पडल्या तर चार म्हणजे चंग, चारही काळ्या पडल्या तर आठ म्हणजे अष्टा. मुलीला हरणे सोसणार नाही, म्हणून तिला आजीच्या वतीने फासे टाकू द्यावेत. चिंचोके नाकातोंडात जाणार नाहीत एवढे पाहावे. गुंजा आणि एरंडीच्या बिया दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्या खेळात नकोतच.

कापूसवाला (यवतमाळ जिल्हा)
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यासाठीचे मातीचे बैल आतापासूनच करायला घ्यावेत. आमची काळी माती वाळताना फार आक्रसते आणि बैलाचे पाय हमखास तडकतात. तिच्यात थोडा कापूस पिंजून मळला की तडे कमी जातात. तुमच्याकडे बारीक कापलेली तणीस (धानाचा पेंढा) चालेल. बैल चुलीच्या अगदी जवळ न ठेवता, आच लागणार नाही अशा बेताने हळूहळू वाळवावेत.

गाडी धांड्याची (ज्वारीच्या ताटाची) करावी. ज्वारीच्या धांड्याची साल काढली की आतला गाभा हलका व मऊ असतो, त्यात सालीच्या काड्या सहज टोचल्या जातात. साल मात्र ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. अलीकडे आमच्याकडे सोयाबीन इतके वाढले आहे की धांडेही शोधावे लागतात, ही गोष्ट वेगळी.

दोन मुलांचा बाप (वर्धा जिल्हा)
वरच्या सूचना चांगल्या आहेत, पण सगळ्या बसून करायच्या आहेत. दिवसभर कोंडलेल्या मुलांना आधी अंग मोकळे करू द्यावे, नाहीतर तो सुंदर पट पाचव्या मिनिटाला उधळला जाईल. खाटेवरून गोधडी सोडून गुहा करावी आणि जमिनीवर खडूने दगड आखून, नदीत पाय न पडू देता तिथपर्यंत उड्या मारत जायला सांगावे. वीज गेल्यावर त्याच गुहेत बॅटरी लावून भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे, कुत्रे करता येतात. आमच्या घरी तर आता वीज जाण्याची वाट पाहिली जाते!

आणखी एक : हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळू द्यावा. मग त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने काढलेले चित्र लाल उमटते आणि लिंबाचा रस लावला की ते पुन्हा पिवळे होते. चुन्यानेही लाल रंग येतो, परंतु तो डोळ्यांत गेल्यास फार अपाय होतो, म्हणून सोडाच वापरावा. मुले काय काढतात त्यात आपण हात घालू नये; माझ्या मुलीने काढलेल्या म्हशीला सहा पाय होते आणि त्यांतले दोन पोहण्यासाठी होते.

धानपट्ट्यातील आई
सर्वांचे आभार. चिंचोके घरात आहेत, सासूबाईंनी पट आखायलाही घेतला आहे. कापूसवाले दादा, बांधीतली माती तशीच मळावी, की आधी चाळून घ्यावी?

कापूसवाला
चाळता आली नाही तरी चालेल. खडे आणि मुळ्या वेचून रात्रभर भिजत ठेवावी व सकाळी हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळावी.