क्वाड जमीन सोडताच आडवा होतो. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बदलू का?

लेथवाला:
मंडळी, तीन महिने खपून चार मोटरचा ड्रोन बनवलाय. मध्ये प्लायवुडच्या दोन चकत्या, त्यांत आवळलेले ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे चार हात. कर्णावर मोटर ते मोटर ४५० मिलिमीटर, दहा इंची पंखे, थ्री-एस (तीन सेलची) लिपो बॅटरी, तिच्यासकट वजन साडेअकराशे ग्रॅम. आयुष्य लेथवर गेलंय, त्यामुळे फ्रेमला कुणी नाव ठेवणार नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र नवशिका. पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब जोडला होता. कुठे शॉर्ट असता तर तो भक्क पेटून तसाच राहिला असता. क्षणभर लुकलुकला आणि विझला.

आता दुखणं. थ्रॉटल (रिमोटवरची जोर वाढवायची काडी) अर्ध्यावर नेला की वीतभर उचलतो आणि लोळण घेतो. काल नाक खुपसलं, आज सकाळी डावीकडे कलंडला, नंतर उजवीकडे. सहा पंखे गेले. आणि पंखे काढून टेबलावर चालवला, तर मी काडीला हात न लावता मोटर आपोआप वेग घेतात, एक तर किंचाळायलाच लागते. ईएससी गेला म्हणायचा का? नवे मागवायच्या आधी विचारतोय.

पंखेमोड:
पंख्यांवरची अक्षरं आभाळाकडे आहेत ना? मोटरचा क्रमही बघा. बीटाफ्लाइट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मागे उजवीकडे, दोन पुढे उजवीकडे, तीन मागे डावीकडे, चार पुढे डावीकडे. एक आणि चार एका दिशेने, दोन आणि तीन उलट्या. एखादी चुकीची फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा.

लेथवाला:
अक्षरं वरच. शाफ्टला कागदाची पट्टी चिकटवून चारही मोटर एकेक करून फिरवल्या. क्रम बरोबर, दिशाही बरोबर.

आकाशवेडी:
काका, ईएससीला हात लावू नका. टेबलावर जे दिसतंय तो बिघाड नाही. कंट्रोलरला, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डाला, वाटतं आपण किंचित कललोय, म्हणून तो एका मोटरला थोडा जोर देतो. पंखेच नाहीत, तर फ्रेम हलणार कुठून? मग तो अजून जोर देतो, आणि ती दुरुस्ती साचत साचत मोटर टिपेला जाते. माझ्या पहिल्या क्वाडच्या वेळी मीही यापायी दोन रात्री घालवल्या होत्या.

खरी गोम तुमच्याच एका वाक्यात आहे: दर वेळी वेगळ्या बाजूला पडतो. मोटर किंवा पंखा चुकला असता तर तो रोज त्याच कुशीवर पडला असता. दिशा बदलतेय, म्हणजे दुरुस्ती होतेय पण भलत्याच अंगाला. बोर्डावर एक छोटा बाण छापलेला असतो. तो नाकाकडे आहे का? पंखे काढून क्वाड कॉम्प्युटरला जोडा, पहिल्याच पानावर त्याचं चित्र येईल. हातातल्या क्वाडचं नाक खाली करा आणि चित्राचं काय होतं ते सांगा.

लेथवाला:
नाक खाली केलं, तर चित्र कुशीवर वळलं! बाण उजव्या हाताकडे आहे. यूएसबीची पिन खुपसायला सोपं जावं म्हणून बोर्ड मीच काटकोनात फिरवून बसवला होता. स्वतःला फिटर म्हणवतो आणि बाण वाचला नाही.

आकाशवेडी:
बोर्ड उखडू नका. सॉफ्टवेअरच्या बोर्ड अलाइनमेंटमध्ये यॉ (उभ्या अक्षाभोवतीचं वळण) ९० टाका, सेव्ह करा, पुन्हा कलवून बघा. चित्र बरोबर उलटं कललं तर २७०. हातातला क्वाड आणि पडद्यावरचा क्वाड एकसारखे वागल्याशिवाय पंखे चढवायचे नाहीत. तसंच, पंखे नसतानाच रिमोट बंद करून मोटर थांबतात का तेही बघा. फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा, ही आभाळात तपासायची गोष्ट नाही.

लेथवाला:
९० टाकले. उडाला!! चांगला पुरुषभर उंचीवर उभा राहिला. रिमोट बंद केल्यावर मोटरही थांबतात, ते आधीच पाहून घेतलं. जमिनीजवळ मात्र फार थरथरतो, ते का?

पंखेमोड:
पंख्यांची हवा जमिनीवर आपटून परत त्यालाच लागते. बोटभर उंचीवर रेंगाळू नका, सरळ छातीपर्यंत न्या. पहिल्या काही बॅटऱ्या अँगल मोड (काडी सोडली की क्वाड आपोआप सपाट होतो) आणि शेपूट कायम तुमच्याकडे. सेलमागे ३.५ व्होल्ट झाले की उतरवा, लिपो त्याखाली पिळू नये.

आकाशवेडी:
आणि नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा डोक्याने हिशेब करत बसू नका. ज्या बाजूला तो कलतोय त्याच बाजूला काडी ढकला, पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी.

लेथवाला:
दोन बॅटऱ्या शेपूट माझ्याकडे ठेवून झाल्या. तिसरीला वाऱ्याने तो हळूच माझ्याकडे वळला, आणि मी टेकूबिकू सगळं विसरून थ्रॉटल खाली ओढला. दोन पुरुष उंचीवरून दगडासारखा आला. पंखे शाबूत, एक पाय मोडला. नवा लेथवर काढतोय, या वेळी नायलॉनचा.